कडी नसलेल्या दारांचं शूटिंग

घाणेरड्या संडासाची फिल्म काढायची होती, आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी मी तो संडास धुऊन घेतला.

नुसता धुतला नाही. ओळखीचा टँकरवाला बोलावला, दोन माणसं लावली, फिनेल ओतलं, भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या खरवडून काढल्या. मग रस्त्यापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी ब्लीचिंग पावडरची सरळ रेघ मारली. लांबून बघणाऱ्याला मांडवाची वाट वाटावी असं ते दिसत होतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता.

यात माझा दोष थोडा आणि धंद्याचा जास्त. तीस वर्षं मी सोलापुरात लग्नाचं शूटिंग करतोय. या धंद्याचा पहिला नियम असा, की कॅमेरा चालू करायच्या आधी चौकटीतली घाण काढायची. खरकटी ताटं, चपलांचा ढीग, कोपऱ्यात बनियनवर घोरणारे मामा, सगळं पडद्यामागं. नवरीची आई रडता रडता नाक पुसायला लागली, की कॅमेरा हळूच झुंबराकडं फिरवायचा. लग्नाच्या व्हिडिओत झुंबर फार का दिसतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर हे त्याचं उत्तर.

असल्या माणसाला एका संस्थेच्या मॅडमनी बोलावलं. वस्तीतल्या पाच बायका आपल्या सार्वजनिक संडासावर स्वतः फिल्म काढणार होत्या, मी त्यांना मोबाइलवर शूटिंग शिकवायचं. वस्तीचं नाव मी इथं लिहीत नाही. बायकांची तशी अट आहे, "आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत अजून." संडासाची तक्रार ज्या ऑफिसात होती ते कुठलं, तेही लिहीत नाही. मला या गावात अजून लग्नं शूट करायचीत.

तर त्या सकाळी पाचही जणी आल्या आणि पावडरच्या रेघेपाशी थबकल्या. सगळ्यांत पुढं सुनंदाताई. या एका दवाखान्यात आयाचं काम करतात, विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत आणि बोलतात कमी. त्यांनी रेघ बघितली, भिंत बघितली, मला बघितलं.

"भाऊ, कुणाचं लग्न हाय हितं?"

"ताई, उजेड फार छान आहे. सुरुवात करू या."

मागून शमीमआपा पुढं आल्या. त्या बीड्या वळतात. पान कापायची त्यांची कात्री आणि त्यांची जीभ एकाच दगडावर धार लावून घेतलेली. "शूटिंग गया भाड में, मामू. पैले हम जाके आते. धुतलेला संडास परत कधी मिळायचा?"

त्या गेल्या. मग बाकीच्या गेल्या. मग ही बातमी वस्तीत गेली, आणि बादल्या घेऊन जी रांग लागली ती दोन तासांनी हटली. मी मोबाइल लावलेल्या तिपाईजवळ उभा. येणारी जाणारी प्रत्येक बाई माझ्याकडं बघून हसत होती. इतकं हसू मला लग्नातही कधी कुणी दिलं नाही.

इथवर झालं ते चेष्टेवारी गेलं असतं. पण पुढचं मी केलेलं चेष्टेचं नव्हतं. लख्ख संडासाचं आदल्या संध्याकाळी घेतलेलं एक मिनिटाचं शूटिंग मला इतकं आवडलं, की नमुना म्हणून मी ते परस्पर ऑफिसातल्या साहेबांच्या मोबाइलवर पाठवून दिलं. त्यांचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. स्वच्छता समाधानकारक आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी मी बायकांना ते वाचून दाखवलं. सुनंदाताईंनी एक घडी घातलेला कागद पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. "आता तरी वाचा."

तो त्यांच्या अर्जाचा कागद होता. सहा महिने त्या तो घेऊन खेपा घालत होत्या, आणि फिल्म त्याच्यासाठीच होती. त्यात घाणीबद्दल एक ओळ नव्हती. बायकांच्या बाजूला नऊ दारं आहेत, ती सगळी बोळात उघडतात, एकाही दाराला आतून कडी नाही, कड्या बसवून द्याव्यात, एवढंच होतं. शिकवायला गेलेल्या मास्तरनं तक्रार काय आहे हे विचारलंच नव्हतं. संडास म्हटल्यावर घाण, असं मी घरूनच ठरवून गेलो होतो.

"पण मग कडीशिवाय तुम्ही..." मी विचारलं.

"जोडी असती की," सुनंदाताई म्हणाल्या.

हे मला नवीन होतं. मी खाली बसलो आणि विचारत सुटलो, आणि त्या दिवसापासून शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण याची उलटापालट झाली. या वस्तीत प्रत्येक बाईची एक जोडी असते. एक आत गेली की दुसरीनं बाहेर दार धरायचं, मग अदलाबदल. नवी सून आली की सासू आठवड्याच्या आत तिची जोडी ठरवून देते. जोड्यांत भांडणं होतात, अबोले होतात, आणि अबोला असला तरी दार धरायला यावंच लागतं. "मग काय," शमीमआपा म्हणाल्या, "तोंड फिरवून धरायचं. बात नै करनेका, लेकिन दार नै छोडनेका." जोडी कुणी मोडत नाही. नवरा सोडलेल्या बायका त्या वस्तीत आहेत, जोडी सोडलेली एकही नाही.

"आणि जोडी गावाला गेली तर?"

पाचही जणींनी एकदम पलीकडच्या एका उंबऱ्याकडं पाहिलं. तिथं एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन बीड्या वळत बसली होती. ती नरसम्मा. तिची जोडी म्हणजे तिची शेजारीण. त्या शेजारणीचा मुलगा यंत्रमागाच्या कामासाठी भिवंडीला गेला आणि आईलाही घेऊन गेला. चाळीस वर्षांची जोडी एका टेम्पोत बसून निघून गेली. तेव्हापासून नरसम्माला दार धरायला कुणी नाही. सून दिवसभर कामाला. शेजारणी धरतात, नाही असं नाही. पण प्रत्येकीची आपली जोडी, आपलं काम, आपली वेळ. आणि नरसम्मा एकदा मागते, दुसऱ्यांदा मागत नाही.

"रोज कुणाच्या तोंडाकडं बगू?" तिनं मला विचारलं. "त्यापरीस पाणीच नको."

सोलापूरच्या उन्हाळ्यात ती सकाळी अर्धा पेला पाणी प्यायची आणि दिवस काढायची. उन्हाळ्यात दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. लघवीला जळजळ, ताप, थंडी. सुनंदाताईंनीच नेलं. डॉक्टर म्हणाले, आजी, पाणी भरपूर प्या. आजींनी मान हलवली. घरी आल्यावर सुनेनं पेला पुढं केला तर हात आडवा. "वद्दु." तेलुगूत नको. तिसऱ्यांदा असं झालं तर मूत्रपिंडावर जाईल, असं डॉक्टरांनी सुनंदाताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तर त्या अर्जाच्या टोकाला ही म्हातारी होती, आणि मी तो अर्ज ब्लीचिंग पावडरनं पुसून टाकला होता.

मला लाज वाटली. आणि लाज वाटलेला लग्नाचा शूटिंगवाला फार धोकादायक असतो, त्याला लगेच भरपाई करायची असते. मी म्हणालो, "चार दिवसांत संडास परत होता तसा होईल. मग आपण असं शूटिंग करू, की बघणाऱ्याला जेवण जाणार नाही. जवळून घेऊ. मागं शहनाई, एकदम दर्दभरी."

"नको," सुनंदाताई म्हणाल्या. "घाण दावली की सायेब काय म्हनतेत? तुमीच केली. आनि बगनारं मानूस नाक धरतं की डोळे बी झाकतं. मग बगनार कोन?"

"मग काय दाखवायचं?"

"ते आमी बगतो. तुमी मोबाइल ठेवा आनि घरी जावा."

मी गेलो. दहा दिवसांनी शमीमआपांनी भाच्याच्या रिक्षातून एक मेमरी कार्ड पाठवलं. मिक्सिंग करून द्या, असा निरोप. मिक्सिंग म्हणजे कापाकापी आणि जोडाजोडी. लग्नात दोन दिवसांचं शूटिंग दोन तासांवर आणायचं आणि पाहुण्यांत भांडण होऊ द्यायचं नाही, ते काम.

दुपारी दुकानात बसून मी कार्ड उघडलं आणि कपाळावर हात मारला. एकाही बाईचं डोकं चौकटीत नव्हतं. सगळं शूटिंग कमरेच्या उंचीवरून, कारण मोबाइल सुपाच्या काठाला टेकवून ठेवलेला. मी शिकवलेल्या तिपाईला कुणी हात लावला नव्हता. पडद्यावर दार, आणि दारावर एक हात. पुढच्या तुकड्यात दुसरं दार, दुसरा हात. मला वाटलं, बिचाऱ्यांना जमलं नाही.

फुकट गेलेलं शूटिंगसुद्धा मी शेवटपर्यंत बघतो, ही सवय मात्र कामी आली. तिसऱ्या-चौथ्या हाताला मी सावरून बसलो. एक हात मेंदी भरलेला, नव्या सुनेचा, दार अगदी बोटांच्या टोकांनी धरलेलं, जसं काही ते भाजतंय. एक हात तंबाखूनं पिवळा पडलेला, तो दार धरत नाही, ती बाई दाराला पाठ टेकून उभी आहे आणि दोन्ही हातांनी बीडीला दोरा बांधतेय. एक बाई पायानं दार धरून मेथी निवडतेय. आणि आवाज! आतली आणि बाहेरची दारातून बोलतायत. सासू काय म्हणाली, गॅस कधी येणार, कुणाचं कुठं जमलं. एक आतून विचारते, "हायेस का?" बाहेरची म्हणते, "हाय." थोड्या वेळानं परत, "हायेस का?" "हाय की गं बाई, कुटं जाऊ?" त्या बोळातून सायकलवाला जातो, टेम्पो जातो, पुरुषांच्या चपला जातात, आणि प्रत्येक वेळी दारावरचा हात जरासा घट्ट होतो.

शेवटचा तुकडा निराळा होता. दार आहे, हात नाही. दाराच्या पत्र्याला एक भोक पडलेलं, त्यातून लुगड्याच्या पदराचं टोक बाहेर आलेलं, त्याला गाठ मारलेली. पदर आतून ताणून धरलाय. आत नरसम्मा, आणि ती खोकतेय. सारखी, दर दोन श्वासांना एकदा.

मी ते मिक्स केलं. हात निवडले, रांग लावली, रंग उजळले, हलकी बासरी टाकली. वस्तीत जाऊन दाखवलं. बायका आपापले हात ओळखून एकमेकींना चिमटे काढत होत्या. शेवटचा पदर आला आणि शमीमआपा उठून उभ्या राहिल्या.

"खोकला कुठं गेला?"

"काढला की. नॉइज होता. लग्नात पण मी सगळे खोकले काढतो, अक्षतांच्या वेळी तर..."

"मामू, अम्माला खोकला झालेला नाही. आत माणूस हाय हे बाहेर कळायला ती खोकते. दार धरायला कोण नाही तर काय करेल? खोकला हीच तिची कडी. आणि तुम्ही कडीच काढून टाकली!"

आपण वर्षानुवर्षं काय काय कापून टाकलं असेल, असा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. मी सहसा जुनी कामं उघडत नाही. पण दुकानात जाऊन चार जुन्या लग्नांचं न कापलेलं शूटिंग काढलं आणि नुसतं बघत बसलो. नवरीला कुणी पाण्याचा ग्लास दिला की ती ओठ लावून परत करते. चारही लग्नांत. एकीच्या मागं मंगल कार्यालयातल्या संडासाची दोन दारं दिसतात, आणि एक करवली आपला शालू सावरत दुसरीसाठी दार धरून उभी आहे. तेही सोलापुरातल्या बऱ्यापैकी कार्यालयात. माझ्या खुणेनुसार तो तुकडा मिक्सिंगमध्ये उडवलेला होता, आणि त्याच्या जागी मी झुंबर टाकलं होतं. घरी जाऊन बायकोला विचारलं, "लग्नात तू दिवसभर पाणी प्यायली होतीस?" ती म्हणाली, "आज तीस वर्षांनी विचारताय?" म्हणजे उत्तर मिळालं.

बासरी काढली. खोकला परत बसवला, आहे तेवढा, पूर्ण दोन मिनिटं.

ऑफिसात दाखवायला त्या पाच जणी, नरसम्मा आणि लॅपटॉप उचलायला मी. मी खिशात छोटंसं भाषण लिहून नेलं होतं. "साहेब, कला ही समाजाचा..." एवढ्यावर आलो आणि सुनंदाताई म्हणाल्या, "भाऊ, बसा." मी बसलो.

साहेब माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. पहिल्या हाताला त्यांनी घड्याळ बघितलं. मेथीवाल्या बाईला ते हसले. "हायेस का?" सुरू झालं तसे ते पुढं वाकले. मग पदराची गाठ आली आणि खोकला सुरू झाला. दोन मिनिटं फार मोठी असतात. शिपाई चहा घेऊन आला आणि ट्रे धरून तसाच उभा राहिला. फिल्म संपली.

साहेब नरसम्माकडं वळले. "आजी, औषध चालू आहे का? खोकला फार दिसतोय."

"खोकला न्हाय सायेब," सुनंदाताई म्हणाल्या. "कडी न्हाय."

साहेब म्हणाले, "हे अर्जात नीट का लिहिलं नाही?" सुनंदाताईंनी अर्ज त्यांच्या पुढं ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. साहेबांनी वाचलं. शिपायाला म्हणाले, "ती निकाली काढलेली फाइल परत आण."

कड्या बसायला महिना गेला. आणि बसल्या त्या बाहेरून! वेल्डरला कुणी सांगितलं होतं की संडासाला कड्या लावायच्यात. त्याला वाटलं, कुलपासाठी. हे मला कुणी कळवलं नाही. शमीमआपांनी मोबाइल काढला, आत जाऊन बसल्या आणि बाहेरून एकीला कडी घालायला लावली. मग आतून दार वाजवत स्वतःचंच अर्ध्या मिनिटाचं शूटिंग केलं. "सायेब, आता मेरे को कौन निकालेगा?" असं शेवटी विचारलं आणि साहेबांना पाठवून दिलं. ना मिक्सिंग, ना तिपाई, ना मी. दुसऱ्या दिवशी वेल्डर हजर. ती फिल्म मी नंतर बघितली. काही सुचवावं असं तिच्यात सापडलं नाही, म्हणून थोडं वाईट वाटलं.

कड्या आतून बसल्या त्या सकाळी मी मोठा कॅमेरा घेऊन गेलो, लग्नाचा. नवव्या दारात पहिल्यांदा नरसम्मानं जायचं, असं बायकांनी ठरवलं होतं. माझ्या डोक्यात शेवटचा शॉट तयार होता. बोळाच्या पलीकडं उभं राहायचं, दारावर कॅमेरा धरायचा. म्हातारी बाहेर येईल, चेहऱ्यावर हसू असेल, मागून सकाळचं ऊन. असं हसू मी हजार पाठवण्यांत शोधलं होतं.

नरसम्मानं घरून निघताना सुनेकडून पेला मागून घेतला आणि सगळ्यांसमोर भरलेला पेला घटाघटा रिकामा केला. मग ती आत गेली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला, नवी असल्यानं जरा कुरकुरत. बाहेर बायका एकमेकींकडं बघत उभ्या होत्या. आतून खोकला नाही. काहीच नाही. मी डोळा कॅमेऱ्याला लावून उभा. बराच वेळ गेला. म्हातारी निवांत बसली होती.

मग आतून आवाज आला. "शमीम, त्यो लग्नाचा मानूस गेला का गं?"

"नै अम्मा. उभा हाय. दारावर कॅमेरा धरून."

"त्येला म्हनावं, कडी लागली हाय. आता दारात मानूस लागत न्हाय. जा म्हनावं घरी."